चकलीच्या डब्यातल्या लेन्स

मागच्या महिन्यात पुतण्याचा फोन आला. दापोलीला कृषी विद्यापीठात शिकतो. एरवी त्याचा फोन म्हणजे महिनाअखेर आली हे ओळखायचं. या वेळी मात्र स्वर फार गंभीर होता.

"काकी, एकच सांग. कुठली लेन्स घेऊ? एकच घेणार आहे. सगळं निघालं पाहिजे तिच्यातून."

"सगळं म्हणजे?"

"सगळं गं. समुद्र, मित्र, किडे, पक्षी. आणि रात्रीचं पण."

मला हसू आलं, पण फोनवर दाबलं. मुंबईत बोरा बाजारातल्या एका दुकानाच्या काउंटरला टेकून मीही हेच वाक्य बोलले होते. यादी तेवढी वेगळी होती: गणपती, शिमगा, घरातली माणसं, गडावरून दिसणारं खोरं. दुकानदार माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती मला आत्ता कळली. दवाखान्यात येऊन "सगळ्यावर चालेल असं एक औषध द्या" म्हणणारं माणूस बघितल्यावर डॉक्टर जसं बघेल, तसं.

त्याच्याकडे आहे तो कॅमेरा माझाच. निकॉनचा डी३३००, २०१४च्या डिसेंबरात घेतलेला, सोबत १८-५५ची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळते ती. हे आकडे मिलिमीटरचे: आकडा लहान तर दृश्य रुंद, आकडा मोठा तर लांबचं जवळ. ही लेन्स घडी घालून ठेवल्यासारखी मिटते. बाजूचं बटण दाबून पिळल्याशिवाय कॅमेरा फोटो काढायला तयार होत नाही, पडद्यावर सूचना देत राहतो. सुरुवातीला या बटणापायी माझे निम्मे फोटो हुकले. माणूस हसून मोकळा व्हायचा आणि मी अजून लेन्स पिळतेच आहे.

किट लेन्सला नावं ठेवण्याची एक फॅशन आहे. "प्लास्टिक आहे", "खेळणं आहे", वगैरे. तसं काही नाही. उजेड असला की ती इतकं स्वच्छ काढते की कॅलेंडरवर छापावं. भाटगावच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सप्टेंबरात फुलं काढावीत, खाडीवरचं आभाळ काढावं, कुरकुर नाही. तिची पंचाईत होते आमच्या माजघरात.

सासरचं घर जुनं, कौलारू. ओटीवर उजेड, पडवीत बरा उजेड, पण माजघरात शिरलं की भर दुपारी डोळे सरावायला वेळ लागतो. तिथे उजेडाची एकच वाट, कौलांमध्ये बसवलेली काचेची दोन कौलं. मे महिन्यात साडेअकराच्या सुमाराला त्यातून एक कवडसा खाली उतरतो आणि बरोबर तिथेच आमच्या आजेसासूबाई फणस घेऊन बसायच्या. हाताला खोबरेल चोपडलेलं, विळीवरही तेलाचं बोट फिरवलेलं, पुढ्यात वर्तमानपत्र, आणि गरे काढायला सुरुवात. गऱ्यातली आठळी त्या न बघता काढायच्या. अंगठा आत जायचा, आठळी बाहेर, गरा ताटात. हा फोटो मला काढायचा होता. सलग दोन मे महिने मी तो काढला आणि दोन्ही वेळा चेहरा ठीक, भिंत ठीक, ताट ठीक, अंगठा मात्र पुसून गेलेला.

"अगं, तिच्यात ते हलणं थांबवायचं असतं ना?" नवरा म्हणाला. त्याने खोक्यावरची व्हीआर ही अक्षरं वाचली होती.

असतं. पण ते माझा हात हलतो त्याच्यावरचं औषध आहे, आजींचा हात हलतो त्याच्यावरचं नव्हे. एवढी एक गोष्ट मला त्या दुकानात कुणी सांगितली असती तर माझे दोन वर्षांचे पैसे आणि मनस्ताप वाचला असता. कॅमेरा एका सेकंदाचा विसावा भाग उघडा राहत होता. तेवढ्या वेळात आठळी निघून ताटात पडते. अंगठा पकडायचा तर झडप निदान एकशे पंचविसाव्या भागात उघडून मिटायला हवी. म्हणजे उजेड सहापट हवा. तो आणायचा कुठून? आजींना ओटीवर बसायला सांगून बघितलं. "तिथे माश्या येतात," म्हणाल्या. विषय संपला.

उजेड वाढत नसेल तर भोक मोठं करायचं. शाळेतल्या भौतिकशास्त्रातलं नाभीय अंतर आठवा. त्याला छिद्राच्या व्यासाने भागलं की तो एफचा आकडा येतो. म्हणून आकडा लहान, भोक मोठं. किट लेन्स ३५ मिमीवर आणली की ती जास्तीत जास्त एफ ४.५च्या आसपास उघडते, म्हणजे जेमतेम चण्याएवढं भोक. ३५ मिमीचीच, पण एफ १.८ची लेन्स घेतली तर ते सुपारीएवढं होतं. व्यास अडीच पट, क्षेत्रफळ सहा पट. आजींच्या अंगठ्याला नेमकं तेवढंच हवं होतं.

हे गणित आज मी झोकात सांगते आहे. तेव्हा आलं नव्हतं. तेव्हा मी ऐकीव माहितीवर ५० मिमी एफ १.८ घेतली, आणि तीही वापरलेली, कारण स्वस्त होती. ५० मिमी म्हणजे सगळ्यांची आवडती, चेहरे सुंदर येतात, मागचं धूसर होतं, असं जो तो सांगत होता. विकणाऱ्याने डबी उघडून दाखवली, काच लखलखत होती, मी पैसे मोजले. घरी येऊन कॅमेऱ्यावर चढवली तर पडद्यावर आलं एफ-ई-ई. मला वाटलं लेन्स बंद पडली. रात्री अकरापर्यंत काढघाल चालली होती. शेवटी कळलं की या जुन्या धाटणीच्या लेन्सवर छिद्राचं स्वतःचं एक कडं असतं. ते फिरवून २२वर आणून खिट्टी लावायची, मग कॅमेरा गप्प बसतो.

तो गप्प बसला, पण फोकस होईना. ही लेन्स डी प्रकारची. तिच्यात स्वतःची मोटर नसते. कॅमेऱ्यातली मोटर स्क्रू फिरवल्यासारखी तिला बाहेरून फिरवते. आणि माझ्या कॅमेऱ्यात ती मोटरच नव्हती. निकॉनच्या डी३०००, डी५०००च्या घराण्यात ती ठेवलेली नाही, वजन आणि किंमत कमी करायला. नावात एएफ-एस असलेली लेन्स घ्यायची, नुसतं एएफ असलेली नाही. एका अक्षराचा फरक. बँकेत मी लोकांना आयएफएससी कोडातला शून्य आणि ओ तपासायला सांगते, आणि इथे स्वतः फसले.

बरं, हाताने फोकस करून बघू म्हटलं. डोळा लावतो त्या खिडकीत डावीकडे एक हिरवा ठिपका असतो, फोकस जुळला की तो स्थिर होतो. ठिपका स्थिर होईपर्यंत आजींची आठळी ताटात आणि गरा माझ्या मुलाच्या तोंडात. शिवाय या कॅमेऱ्याचा चित्र टिपणारा सेन्सर लहान, त्यामुळे ५०ची लेन्स ७५सारखी वागते, दृश्य दीडपट जवळ येतं. माझी पाठ माजघराच्या भिंतीला टेकली तरी आजी आणि फणस दोघं एका चौकटीत मावेनात. फणस घ्यावा तर आजींचं डोकं जातं.

तेव्हा मी पहिल्यांदा शहाण्यासारखं काहीतरी केलं. नवीन काही घेण्याआधी वर्षभराचे सगळे फोटो संगणकावर उघडले आणि कुठला किती मिमीवर काढलाय ते मोजलं. प्रत्येक फोटोच्या पोटात ही नोंद असतेच. बँकेची सवय, वहीत रकाने आखले. निम्म्याहून जास्त फोटो १८वर निघाले. बहुतेक उरलेले ५५वर. मधे तुरळक.

यावरून कुणीही म्हणेल की बाईंना रुंदही हवं आणि लांबही हवं. द्या त्यांना १८-१४०. मीही तेच म्हटलं होतं. मग लक्षात आलं, ते बटण दाबून लेन्स उघडली की ती १८वरच येऊन थांबते. ते १८चे फोटो आवडीचे नव्हते, आळसाचे होते. उघडली, दाबलं, झालं. आणि ५५चे? पक्षी, माकडं, समोरच्या डोंगरावरचं देऊळ. त्यातला एकही मी पुन्हा कधी उघडून बघितला नव्हता. म्हणून दुसरा रकाना आखला: छापून घेतलेले, कुणाला पाठवलेले, भिंतीवर लावलेले. ते होते बेचाळीस. आणि त्यातले एकतीस २४ ते ४०च्या मधले, घरातले, माणसांचे.

काढलेले फोटो मोजू नका, ठेवलेले मोजा, असं मी हल्ली सगळ्यांना सांगते. कुणी करत नाही. लोकांना लेन्सचं नाव हवं असतं, रकाने नको असतात.

३५ मिमी एफ १.८ आली तेव्हा ती बारा हजारांच्या आतबाहेर पडली. २०० ग्रॅमची लेन्स, भज्यांच्या पुडीएवढी. झूम नाही, व्हीआर नाही, दिसायला किट लेन्सपेक्षा गरीब. पुढच्या मे महिन्यात कवडसा उतरला, आजी बसल्या, आणि अंगठा आला. नखातला चीकसुद्धा आला. एफ १.८वर काय होतं तेही त्याच दिवशी कळलं: अंगठा स्पष्ट तर चेहरा धूसर, चेहरा स्पष्ट तर अंगठा नाही. मग २.८पर्यंत आले आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवला. थोडी रवाळ आली तसबीर, पण चालतं. आजींनी बघून विचारलं, "माझा हात एवढा म्हातारा कधी झाला?"

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही, कारण मार्चमध्ये शिमगा आला.

आमच्या गावात पालखी सहाणेवरून, म्हणजे तिला टेकवतात त्या चौथऱ्यावरून, उठली की ती नाचते. खांदेकरी पंधरा-वीस, ढोल-ताशे, वर गुलालाचं आभाळ, आणि पालखी कधी तुमच्या नाकासमोर, कधी पन्नास हात लांब. मी ३५ घेऊन उभी. पालखी नाकासमोर आली तेव्हा रूपांचे, म्हणजे देवांचे, मुखवटे चौकटीच्या बाहेर. लांब गेली तेव्हा सगळी मिळून एक मुंगी. लेन्स बदलायची म्हणून मी एका बाजूला झाले, झाकण उघडलं, आणि त्याच वेळी वाऱ्याने गुलाल फिरवला. त्यानंतर कितीतरी महिने माझ्या प्रत्येक आभाळाला देवी आल्या होत्या. सेन्सर साफ करून घ्यायला पुण्याला जावं लागलं.

त्या दिवशी मला त्या दुकानदाराचं वाक्य आठवलं, "मॅडम, एकच लावून ठेवा, काढायची गरजच नको." तेव्हा वाटलं होतं हा महाग लेन्स गळ्यात मारतोय. मारत असेलही. पण गुलालात, समुद्राच्या वाऱ्यात, गडावर धुळीत, हातात पोर असताना, लेन्स न बदलावी लागणं हा गुण एफच्या आकड्याइतकाच खरा आहे. मग मी १८-१४० घेतली.

ती लेन्स गुणी आहे. रुंद काढते, लांब काढते, फोकस चटकन होतो. दिवसाच्या शिमग्याला तिला तोड नाही. मुखवट्यावरची हळदसुद्धा पन्नास हातांवरून घेता येते. फक्त एक लक्षात ठेवायचं: ३५वर आणली की तीही किट लेन्सएवढीच उघडते. पोहोच वाढते, उजेड एका चण्याचाही वाढत नाही. त्यामुळे किट लेन्स देऊन ती घेतली की लोकांना वाटतं आपण वर चढलो, आणि रात्री हळदीच्या कार्यक्रमात फोटो पुन्हा तसेच पुसलेले. मग कॅमेऱ्याला शिव्या.

या दोन्हींच्या मधलीही एक वाट आहे, सिग्माची १७-५०. एफ २.८, आणि ते झूम केल्यावरही कायम. बोरा बाजारात मी ती हातात घेतली होती. ५६५ ग्रॅम, माझा अख्खा कॅमेरा बॅटरीसकट तेवढा नव्हता. कॅमेऱ्यावर लावली की नाकापेक्षा मोती जड. पण लग्नं-मुंजी काढणाऱ्यांनी तिचाच विचार करावा असं मला आजही वाटतं. मी खांदादुखीला घाबरले, त्याची थोडी हळहळ आहेच.

आणि मग पाऊस.

लेन्स कुठली घ्यावी याबद्दल लिहिणारे बहुतेक लोक कोरड्या गावात राहत असावेत. आमच्याकडे जूनमध्ये चपलेला बुरशी येते, पापडाला येते, देवघरातल्या पोथीला येते. लेन्सला का सोडेल? १८-१४० घेतली त्याच वर्षी ऑगस्टात मी मोबाइलची बॅटरी लावून तिच्यात बघितलं तर आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू. झूम लेन्स आत-बाहेर होते तेव्हा ती हवा ओढते आणि सोडते, श्वास घेतल्यासारखी. इथली हवा म्हणजे अर्धं पाणी. तिच्या पोटात १७ काचा आहेत, ३५च्या पोटात ८. बुरशीला तेवढीच जास्त बिऱ्हाडं. साफ होऊन आली, वाचली. उशीर झाला असता तर काचेवरचा लेप खाल्ला असता आणि मग काही इलाज नसतो. वापरलेली लेन्स घेणार असाल तर मागून उजेड पाडून, छिद्र पूर्ण उघडं धरून आत बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मी ५० घेताना नुसती पुढची चकाकी बघितली होती. नशीब म्हणून ती स्वच्छ निघाली.

तेव्हापासून माझ्या लेन्स चकलीच्या डब्यात असतात. सासूबाईंचा, घट्ट झाकणाचा मोठा डबा. तळाला सिलिका जेलच्या निळ्या गोळ्यांची पुरचुंडी. ओल पिऊन गोळ्या गुलाबी झाल्या की जुन्या तव्यावर मंद आचेवर परतायच्या, पुन्हा निळ्या होतात. हा तवा पोळ्यांना वापरायचा नाही, हे घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय. चामडी पिशवीत मात्र लेन्स ठेवू नये, ती ओल धरून बसते. डब्यामुळे चकल्या कुठे ठेवायच्या हा प्रश्न दर दिवाळीला निघतो.

तर, पुतण्या.

मी त्याला आधी रकाने आखायला सांगितलं. "काकी, एवढं कोण करतं?" हे उत्तर आलं. मग दुसरं सांगितलं: किट लेन्स ३५वर आण, वर चिकटपट्टी मार, पंधरा दिवस पट्टी काढायची नाही. मनात माझी खात्री होती. पंधरा दिवसांत पोराला कळेल की ३५ पुरते, मग घेईल तीच, माझ्यासारखी.

नवव्या दिवशी फोन. "पट्टी काढली."

"का रे?"

"हर्णैला गेलो होतो, लिलावाला. लांबून काही दिसेना, म्हणून जवळ गेलो. एक मावशी म्हणाल्या, मासळी घ्यायची तर घे, नाहीतर बाजूला हो, फोटो काय काढतोस. मी झालो बाजूला."

पाय हाच खरा झूम, असं फोटोवाल्यांमध्ये म्हणतात. मीही ऐकवत आले. पण माझे पाय माझ्याच माजघरात चालत होते. तिथे मला कोण बाजूला हो म्हणणार होतं? हा मुलगा लाजाळू, परक्या गावात, आणि त्याला माणसं आवडतात ती लांबूनच. त्याने नऊ दिवसांत पाठवलेल्या फोटोंत मला आवडलेले दोनच, आणि दोन्ही पट्टी काढल्यावरचे: जाळं झटकणारा एक माणूस, पाठमोरा, आणि वाळूवर वाटा मोजत बसलेल्या दोन बायका.

रविवारी तो रत्नागिरीला आला. मी त्याच्या यादीचा हिशोब मांडला. समुद्र कुठल्याही लेन्सने निघतो. पक्ष्यांना १४०सुद्धा तोकडी, त्याचं नाव सध्या काढूच नको. किड्यांसाठी हातात आहे ती किट लेन्सच बरी. ती अठ्ठावीस सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, १८-१४०ला पंचेचाळीस लागतात. रात्रीचं या दोघींनाही जमणार नाही. उरलं काय? मित्र आणि मावश्या.

"म्हणजे १८-१४०?"

"म्हणजे १८-१४०. नवी घेऊ नकोस, ही घेऊन जा. वर्षभर वापर. दापोलीत पाऊस आमच्यापेक्षा कमी नाही, डबा स्वतःचा बघ."

डबा उघडला तर गोळ्या गुलाबी झालेल्या. त्याला मी तव्यावर परतायला लावल्या. मी ५०ची ती जुनी लेन्स काढून माझ्या आताच्या कॅमेऱ्यावर चढवली. हा वापरलेला डी७२००, याच्यात मोटर आहे, त्यामुळे इतक्या वर्षांनी ती करकर आवाज करत स्वतःहून फोकस करते. स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. ७५सारखी वागते, दारातूनही जवळच दिसतं. चेहरा, उलथनं, तव्यावर अर्ध्या निळ्या झालेल्या गोळ्या.

"काकी, जरा मागे हो ना," तो तव्याकडे बघतच म्हणाला.

मागे भिंत होती.